पुंजयामिकी आणि तर्कशास्त्राच्या पुनर्रचनेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तर्कशास्त्राचे नियम अनुभवनिरपेक्ष असतात, असे परंपरेने मानले गेले. विसाव्या शतकात पुंजयामिकीने या धारणेस आव्हान दिले. प्रयोगाच्या आधारे तर्काचा एखादा नियम बदलता येईल काय, या वादाच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन

१९३६ साली गॅरेट बर्कहॉफ व जॉन फॉन नॉयमन यांनी पुंजयामिकीच्या तर्कशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध केला. भौतिक प्रणालीविषयीची विधाने हिल्बर्ट अवकाशाच्या उपअवकाशांशी जोडली असता अभिजात तर्कशास्त्रातील वितरण नियम टिकत नाही, हे त्यांनी दाखविले. समजा, एखाद्या इलेक्ट्रॉनचा उभ्या दिशेतील स्पिन 'वर' आहे. 'वर, आणि आडव्या दिशेत उजवा किंवा डावा' हे विधान या रचनेत सत्य ठरते. 'वर आणि उजवा, किंवा वर आणि डावा' हे मात्र असत्य ठरते. कारण दोन्ही दिशांचे स्पिन एकाच वेळी निश्चित असणारी अवस्थाच नसते.

१९४४ मध्ये हान्स रायशेनबाख यांनी 'अनिश्चित' हे तिसरे सत्यतामूल्य सुचविले. १९६८ मध्ये हिलरी पटनम यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. सापेक्षतावादाने युक्लिडच्या भूमितीचे अढळपद हिरावले, तसेच पुंजयामिकीने वितरण नियमाचे हिरावले आहे. तो सोडल्यास पुंजजगतातील विरोधाभास मावळतात, असा त्यांचा दावा होता.

या दाव्यावर मायकेल डमेट यांनी १९७६ मध्ये मूलगामी आक्षेप घेतला. प्रत्येक राशीस निश्चित मूल्य असते, असे वास्तववादी भूमिकेतून मानल्यास वितरण नियम आपोआप परत येतो. शिवाय डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्येच अभिजात तर्कशास्त्रास धक्का न लावता पुंजयामिकीचा पर्यायी अन्वयार्थ मांडला होता. पुढे पटनम यांनीही आपली भूमिका सोडून दिली.

निष्कर्ष

उपअवकाशांची रचना निर्विवाद आहे; परंतु तीतील 'किंवा' म्हणजे आपल्या युक्तिवादातील 'किंवा'च होय, हे कोणताही प्रयोग सांगत नाही. वितरण नियमाचा भंग सिद्ध करणारे गणितही अभिजात तर्कानेच चालते. म्हणून पुंजयामिकीने नव्या बीजगणिताची गरज सिद्ध केली, तर्कशास्त्र बदलण्याची नव्हे, असे म्हणावे लागते. तथापि तर्काचे नियम कोणत्या आधारावर उभे आहेत, हा प्रश्न तत्त्वज्ञांप्रमाणेच भौतिकशास्त्रज्ञांपुढेही ठेवण्याचे श्रेय या वादाकडे निश्चितच जाते.