जीवरसायनशास्त्राची पदवी

सजीवांच्या पेशींतील रासायनिक प्रक्रियांचा अभ्यास म्हणजे जीवरसायनशास्त्र. दिल्ली विद्यापीठात श्री वेंकटेश्वर, दौलत राम, देशबंधू आदी महाविद्यालयांत या विषयाची बी.एस्सी. (ऑनर्स) पदवी घेता येते. २०२२ पासून येथील पदवी प्रवेश 'सीयूईटी' या सामाईक परीक्षेतील गुणांवर होतात. प्रथिने, चयापचय, रेणवीय जीवशास्त्र हे अभ्यासक्रमातील प्रमुख घटक.

वैद्यकीय प्रवेश हुकल्याने काही विद्यार्थी इकडे वळतात. अकरावीतच गणिताला रामराम ठोकलेल्यांची कसोटी लागते ती विकरांच्या म्हणजेच एन्झाइमच्या अभ्यासात. त्यांच्या क्रियेचा वेग मोजून आलेख काढताना मायकेलिस व मेंटेन यांचे १९१३ चे समीकरण टाळता येत नाही. 'जॅम' परीक्षेद्वारे एम.एस्सी.ला प्रवेश घेतानाही काही आयआयटींत बारावीचे गणित मागितले जाते. ही अट अकरावीचे विषय निवडतानाच पाहिलेली बरी.