वसंतातील परतीचे पक्षी आणि 'दुर्मिळ' या नोंदीचा इतिहास : ठाणे खाडीच्या संदर्भात

प्रास्ताविक

हिवाळा सरून चैत्राची चाहूल लागली की ठाणे खाडीच्या काठावर परतीची लगबग सुरू होते. उत्तरेकडून आलेले तुतवार, चिखल्या, मालगुजा हे पाणथळीचे पक्षी अंगावर विणीचा पिसारा चढवतात, शरीरात चरबी साठवतात आणि मार्च ते मे या काळात मध्य आशिया व सायबेरियाच्या दिशेने निघून जातात. रोहित (फ्लेमिंगो) मात्र पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रेंगाळतो व मग गुजरातची वाट धरतो. या येण्याजाण्याचा विचार आजवर प्राणिशास्त्राच्या अंगानेच अधिक झाला आहे. पक्षिनिरीक्षकाच्या टिपणातील 'दुर्मिळ' हा शेरा पक्ष्याविषयी जितके सांगतो, तितकेच तो ज्या काळात व ज्या भूमीवर लिहिला गेला त्याविषयीही सांगतो. अशा नोंदी ऐतिहासिक साधन म्हणून कशा वाचाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मिठागर आणि नोंदवही

मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. आठ संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. दुसरे एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्याचा. ते मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात अधिकारी होते आणि नोकरीच्या निमित्ताने उरण येथेही राहिले. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले.

हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मिठागरांचे उथळ पाणी, खाजणाचे बांध व ओहोटीला उघडा पडणारा चिखल ही पाणपक्ष्यांची चरण्याची व विसाव्याची ठिकाणे होती. त्याच वेळी ती सरकारी महसुलाचीही ठिकाणे होती. महसुलासाठी तेथे गेलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पक्षी पडत. मात्र ज्या आगरी-कोळी समाजाने हे बांध राखले व चिखलात मासेमारी केली, त्यांच्या निरीक्षणांना या छापील टिपणांत क्वचितच स्थान मिळाले. म्हणून जुन्या टिपणांत एखाद्या पक्ष्याचा उल्लेख नसणे म्हणजे तो पक्षी नसणे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

रोगभय आणि पायातील कडी

स्थलांतराच्या अभ्यासाला मोठे बळ मिळाले ते एका आजारामुळे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात क्यासनूर जंगलातील ताप उघडकीस आला. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूशी नाते सांगणारा असल्याने तो स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला असावा, असा संशय व्यक्त झाला. डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा व्यापक प्रकल्प हाती घेतला. म्हणजे महसुलाच्या जागी आता आरोग्याची चिंता आली आणि तिच्यासोबत नोंदीचे स्वरूपही बदलले. पूर्वी 'येथे दिसला' एवढ्यावर थांबणारे टिपण आता 'कोठून आला, कोठे गेला' असे विचारू लागले.

नवे शहर, नवे पाहुणे

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आकारास येऊ लागली. भातशेती, मिठागरे व खाजणे यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये न्हावाशेवा येथे बंदर सुरू झाले.

याच पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या चिखलावर रोहितांचे थवे लोकांच्या नजरेत भरू लागले. तोपर्यंत रोहित म्हटले की कच्छच्या रणाचेच नाव निघे. तेथील विणीच्या वसाहतीस डॉ. सालीम अली यांनी १९४५ मध्ये भेट दिली, तेव्हा पक्ष्यांची संख्या सुमारे पाच लाख असल्याचा अंदाज त्यांनी केला होता. मुंबईच्या खाडीत मात्र ही गर्दी नवी होती. शहराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे निळे-हिरवे शेवाळ वाढले व त्यावर जगणारा छोटा रोहित येथे स्थिरावला, असे कारण अभ्यासक देतात. जानेवारी २०१९ मधील गणनेत ही संख्या सुमारे १ लाख २१ हजारांवर गेली. कालचा दुर्लभ पाहुणा एका पिढीच्या आत शहराची ओळख बनला. ज्या शहरीकरणाने खाडीकाठ आकुंचित केला, त्याच्याच सांडपाण्याने रोहिताला अन्न पुरवले, ही या इतिहासातील विसंगती होय.

संरक्षणाची अपुरी सीमा

२०१५ मध्ये ठाणे खाडीतील १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा लाभला. परंतु रोहिताचा दिनक्रम भरती-ओहोटीशी बांधलेला आहे. ओहोटीला तो खाडीच्या चिखलात चरतो आणि भरतीला चिखल बुडाला की नेरूळ, बेलापूर, भेंडखळ, पाणजे येथील पाणथळींवर विसावतो. या विसाव्याच्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडले, तलाव कोरडा पडू लागला आणि त्याच उन्हाळ्यात परिसरात रोहित मृत आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून ३९ रोहित मृत्युमुखी पडले. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या दोन घटना एकत्र वाचल्याशिवाय आजच्या खाडीचा इतिहास लिहिता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'दुर्मिळ' हा पक्ष्याचा अंगभूत गुण नसून काळ, जागा व निरीक्षक यांच्या संबंधातून ठरणारी अवस्था आहे. जे दुर्मिळ होते ते विपुल झाले, आणि विसाव्याच्या जागा गेल्यास ते पुन्हा दुर्मिळ होऊ शकेल. २०२२ मध्ये सहा रोहितांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी उपकरणे बसवण्यात आली. त्यांतील एकाचे नाव 'खेंगारजी', कच्छच्या महारावांवरून. दुसऱ्याचे 'नवी मुंबई'. विणीचे रण व चरण्याची खाडी एकाच प्रवासाची दोन टोके आहेत, याची ही नावे साक्ष देतात.

खाडीकाठच्या महाविद्यालयांनी इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र या विभागांच्या सहकार्याने स्थानिक पक्षी-नोंदी जतन कराव्यात. त्यांत आगरी-कोळी ज्येष्ठांच्या आठवणी तारीख-जागेसह उतरवून घ्याव्यात. मिठागरांवर काम केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. वसंतात गेलेला पक्षी हिवाळ्यात परत येण्याची आशा तरी असते. न लिहिलेली आठवण मात्र एकदा गेली की परत येत नाही.