उंबरखिंड

रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील सह्याद्रीची खिंड व इतिहासप्रसिद्ध रणभूमी. खोपोली-पाली रस्त्यावरील शेमडीहून चावणी गावाकडे फाटा जातो, रणभूमी तिथेच. याच डोंगरांतून उतरणारी आंबा नदी पाली व रोहे तालुक्यातील नागोठणे करीत पेणच्या बाजूला धरमतरच्या खाडीला मिळते. ही खिंड ज्याच्या हाती, त्याला खालच्या खोऱ्यांची वाट मोकळी होई.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी येथे मोगल सरदार कारतलबखानाला शरण आणले. चाकणचा किल्ला आदल्या वर्षी मोगलांच्या हाती पडला होता, मोगल सुभेदार शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन होता आणि उत्तर कोकण जिंकण्यासाठी त्याने ही फौज धाडली होती. बोरघाट टाळून खान लोहगडाच्या बाजूने कुरवंडे घाटाने उतरला. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट रान. फौज पुरती आत येईपर्यंत मराठ्यांनी हालचाल केली नाही. या लढाईचे खरे कौशल्य त्या संयमात आहे. मग पुढचे तोंड आणि मागची वाट दोन्ही बंद झाली व झाडीतून मारा सुरू झाला. आत अडकलेल्यांना ना वारा ना पाणी.

खानाच्या फौजेत माहूरच्या उदाराम घराण्यातील रायबागन ही सरदार स्त्री होती. सिंहाच्या रानात शिरण्याची चूक तिनेच खानाच्या पदरात घातली आणि शरण जाण्याचा सल्ला दिला, असे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. पुष्कळ पुस्तकांत तिची एका ओळीत बोळवण होते. हे योग्य नव्हे, कारण शेकडो माणसे जिवंत परतली ती त्या सल्ल्यामुळे. खंडणी आणि सामानसुमान ठेवून घेऊन महाराजांनी फौजेला जाऊ दिले.

सेनापती नेताजी पालकरांना मागे ठेवून महाराज लगोलग दक्षिणेकडे वळले. दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर हाती आले. राजापुरात इंग्रजांची वखार लुटली गेली आणि तिचा प्रमुख रेव्हिंग्टन कैदेत पडला. दक्षिण कोकणातील स्वराज्याचा पाया या मोहिमेने घातला. उत्तरेत मात्र निकाल लागला नव्हता. मे १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण घेतले आणि पुढल्या वर्षी पेणजवळ मिऱ्या डोंगरावर मोगल सरदार नामदारखानाशी पुन्हा झुंज झाली.

 

चावणीजवळ स्मारक उभारले असून दरवर्षी २ फेब्रुवारीला तेथे विजयदिन साजरा होतो.