बंदूक उतरली, मचाण राहिले

मचाणाचा पहिला धनी शिकारी नव्हे, शेतकरी. जोंधळा दाण्यात आला की शेतात चार मेढी रोवून माळा उभा राहतो आणि दिवसभर पाखरांवर गोफण चालते. शेत जंगलाला लागून असेल तर रात्रीही सुटका नसते. डुकरे आणि रोही पीक आडवे करतात, म्हणून जागलीला जावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही जागल आजही चालते. उंचावर बसण्याचे फायदे या राखणदारांनी आधीच ओळखले होते. वरून लांबचे दिसते, जीव सुरक्षित राहतो आणि माणसाचा वास जमिनीलगत पसरत नाही. शिवाय रानातली बरीच जनावरे धोका जमिनीवरच शोधतात, मान उंचावून फांद्या सहसा न्याहाळत नाहीत.

राजेरजवाड्यांनी हीच सोय उचलली आणि तिच्यावर बंदूक चढवली. अठराव्या शतकातल्या कोटा शैलीच्या चित्रांत दाट झाडीतल्या मचाणावर राजा आणि सोबती बसलेले दिसतात, खाली हाक्याने बाहेर काढलेला वाघ. मेवाडात तर पाणवठ्यांजवळ दगडी बुरूजच बांधले. त्यांना औदी म्हणत. पुढे इंग्रज साहेबांनी हा सगळा थाट उचलला. खाली बांधलेला हेला किंवा बकरे, वर साहेब, आणि वाघ येईपर्यंत खोकणेसुद्धा बंद. या प्रकारात शौर्य किती, याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे. पण तासन्‌तास न हलता बसण्याची, कान उघडे ठेवण्याची विद्या याच काळात पक्की झाली, हे मान्य करावे लागते.

या विद्येत जिम कॉर्बेटइतका मुरलेला माणूस विरळा. 1926च्या मे महिन्यात रुद्रप्रयागजवळ गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर बसून त्यांनी तो कुप्रसिद्ध नरभक्षक बिबट्या मारला. सरकारी नोंदीप्रमाणे त्याने आठ वर्षांत 125 माणसे मारली होती. खाली बकरी बांधलेली होती, तिच्या गळ्यात घंटा. अंधारात त्या घंटेच्या आवाजावरून खाली काय चालले आहे ते ओळखायचे. लागोपाठ कित्येक रात्री असे बसल्यावर ती एक गोळी सुटली.

त्याच सुमारास संयुक्त प्रांतातला एक वनाधिकारी, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन, वेगळ्याच खटपटीत होता. जनावरांच्या वाटेवर तो तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख उजेड पडे आणि कॅमेऱ्यात वाघाचे चित्र उमटे. 1927 साली त्याचे पुस्तक निघाले. शिकारीऐवजी छायाचित्र घ्या, हे तो आग्रहाने सांगत होता. कॉर्बेटही पुढे सिनेकॅमेऱ्याने वाघांचे चित्रण करू लागले. त्या तारेची आठवण ठेवा, पुढे तिचे काम आहे.

मचाणाचा पुढचा टप्पा भारताबाहेर, केनियात. न्येरीजवळ अ‍ॅबरडेअरच्या जंगलात एरिक शेरब्रुक वॉकर यांनी 1932 साली एका मोठ्या अंजीरवर्गीय झाडावर ‘ट्रीटॉप्स’ ही लाकडी खोली बांधली. समोर पाणवठा, काठाला मीठ टाकलेले. पाहुण्यांनी रात्रभर वर बसायचे आणि हत्ती, गेंडे, रानरेडे पाहायचे. मारायचे काही नाही. पैसे देऊन नुसते पाहण्यासाठी बांधलेले हे मचाण जगभर गाजले, आणि त्याचे कारण 5 फेब्रुवारी 1952ची रात्र. ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होत्या. संध्याकाळी त्यांनी हत्तींचे चित्रण केले. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात, सँड्रिंगहॅमला, त्यांचे वडील वारले आणि झाडावर असतानाच त्या राणी झाल्या. शिडीच्या वरच्या टोकाशी बंदूक घेऊन राखणीला कोण बसले होते? 1947 साली भारत सोडून न्येरीत राहायला गेलेले, सत्तरी ओलांडलेले जिम कॉर्बेट. आयुष्यभर मचाणावरून नेम धरलेला माणूस त्या रात्री पाहणाऱ्यांची राखण करत होता. या वंशावळीतला सगळ्यात मोठा वळणबिंदू मला इथे दिसतो. दोन वर्षांनी ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडात ते झाडावरचे घर जळाले आणि 1957मध्ये जवळच नवे उभे राहिले.

वळण मात्र सरळ रेषेत गेले नाही. 1961च्या जानेवारीत तीच राणी रणथंभोरला आली आणि तिच्या नवऱ्याने, प्रिन्स फिलिप यांनी, मचाणावरून वाघ मारला. तेव्हा वाघाची शिकार पाहुणचारात बसत होती. पुढच्या दशकात चित्र पालटले. 1970मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, आणि 1 एप्रिल 1973ला व्याघ्र प्रकल्प. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. बंदूक उतरली, आमिष मात्र काही काळ राहिले. गीरमध्ये जनावर बांधून पर्यटकांना सिंह दाखवले जात. तेही बंद पडले ते बरेच झाले.

रिकामे झालेले मचाण आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या मोजणीच्या कामाला लागले. वैशाखात नाले कोरडे पडतात, मोजकेच पाणवठे उरतात आणि जनावराला तिथे यावेच लागते. त्यात बुद्धपौर्णिमेचा उजेड. त्या रात्री ताडोबा, मेळघाट, नागझिऱ्यात पाणवठ्यांकाठी मचाणे बांधली जात आणि स्वयंसेवक वहीत टिपत: वेळ, जनावर, संख्या, नर-मादी, पिल्ले. शहरातला शिक्षक, कारकून, विद्यार्थी असा कितीतरी मराठी माणूस या निमित्ताने पहिल्यांदा जंगलात रात्र राहिला. जिप्सीतून फिरताना पर्यटक वाघ शोधतो. मचाणावर शोधायला जाताच येत नाही, त्यामुळे जे येईल ते पाहावे लागते. साळिंदराच्या काट्यांची सळसळ, रातव्याचा ठोका, टेंभुर्णीची फळे खाऊन पाण्यावर आलेले अस्वल, दहा पावले येऊन दोन पावले मागे जाणारे सांबर. पाण्याला तोंड लावण्याआधी सांबर किती वेळ उभे राहते, हे गाडीतून कधीच कळत नाही.

मोजणीची ही पद्धत वाघांच्या बाबतीत अपुरी होती. एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जाई, आणि आलाच नाही तर सुटे. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ नाहीसे झाल्याचे 2005 साली उघड झाले. तिथे पाऊलठशांची गणती फसली होती, पण त्या धक्क्याने सगळ्याच जुन्या पद्धती तपासल्या गेल्या. 2006च्या देशव्यापी अंदाजापासून कॅमेरा ट्रॅपने घेतलेल्या छायाचित्रांतून पट्ट्यांवरून वाघ ओळखला जाऊ लागला. चॅम्पियनच्या तारेची ही नात. मोजणी तिने घेतली, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचे नाव वनखात्याने बदलून ‘निसर्गानुभव’ ठेवले.

मोजणीचे ओझे उतरल्यावर हे मचाण पर्यटनाचे झाले. ठिकठिकाणी त्याचे शुल्क लागते, जागा थोड्या आणि मागणी फार. खात्याच्या अटी योग्यच आहेत: भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, विजेरी नाही, खाली उतरायचे नाही. माझी आणखी एक मागणी आहे. प्रत्येक प्रकल्पाने त्या रात्री काही मचाणे जंगलाच्या राखीव गाभ्यालगतच्या गावांतल्या शाळकरी पोरांसाठी विनामूल्य ठेवावीत. वाघाच्या भीतीने ही पोरे संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नाहीत आणि घरची जनावरे गमावतात. तोच वाघ निवांत पाणी पिताना पाहण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, आणि त्यांना सोबत द्यायला गावातलेच वनरक्षक व गाइड आहेत.