गावाला गेलेल्या मुली

मी दुसरीत असताना माझी मावसबहीण गावाला गेली.

ती दहावीत होती. मी तिला ताई म्हणायचे. मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे गेले तर ताई नव्हती. 'शिकायला गावाला गेलीय,' मावशीच्या सासूबाईंनी सांगितलं. कुठल्या गावाला, ते कुणी सांगेना. तिची सायकल जिन्याखाली होती, दप्तर खुंटीला होतं. शिकायला गेलेली मुलगी दप्तर ठेवून कशी गेली, हा प्रश्न मला पडला होता, पण विचारायचा धीर झाला नाही. दोन वर्षांनी शेजारच्या एका मुलीनं बोलता बोलता सांगून टाकलं, की ताई तापानं गेली. तिला वाटलं, मला माहीतच असणार.

हे सगळं पुन्हा वर आलं ते २०१४ साली, पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत 'सेलर मून' बघताना.

रूममेटच्या हार्डडिस्कवर त्या मालिकेच्या दोन आवृत्त्या होत्या. एक मूळ जपानी, खाली इंग्रजी सबटायटल्स असलेली. दुसरी नव्वदच्या दशकात अमेरिकेत दाखवलेली, इंग्रजी डबिंगची. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौदा वर्षांची उसागी रडूबाई आहे, अभ्यासात ढ आहे आणि सकाळी कधीच वेळेवर उठत नाही. एक बोलणारी काळी मांजर तिला सांगते, की जगाला वाचवायचं काम तुझं आहे. मग तिला आमी, रे, माकोतो आणि मिनाको या मैत्रिणी मिळतात. नाओको ताकेउची यांची मूळ मांगा 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात १९९१च्या अखेरीस सुरू झाली. तोएई स्टुडिओनं काढलेली मालिका मार्च १९९२ मध्ये आली आणि पाच वर्षं, २०० भाग चालली.

पहिल्या पर्वाचा शेवट जपानमध्ये फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला. उत्तर ध्रुवावरच्या बर्फात उसागीच्या मैत्रिणी तिला वाचवता वाचवता एकेक करून मरतात. आधी माकोतो, मग आमी, मग मिनाको, शेवटी रे. उसागी एकटीच पुढे जाते, जिंकते आणि तीही कोसळते. जाता जाता ती एकच मागणं मागते : पुन्हा साधं आयुष्य मिळू दे. सकाळ होते. पाचही जणी जिवंत असतात, शाळेत जातात. फक्त त्यांना एकमेकींची ओळख उरलेली नसते.

अमेरिकेत १९९५ साली डीआयसी या कंपनीनं ही मालिका आणली तेव्हा त्या शेवटच्या दोन भागांना कात्री लावून त्यांचा एक भाग केला. त्यात कुणी मरतच नाही. शत्रूनं मुलींना पकडून 'नेगाव्हर्स'मध्ये कोंडून ठेवलंय, असा संवाद घातलेला आहे. आणि भाग संपल्यावर मुलांसाठी नेहमीप्रमाणे दोन बोधपर वाक्यं.

मी दोन्ही शेवट एका रात्रीत, एकापाठोपाठ एक बघितले. दुसरा बघताना आधी हसू आलं आणि मग एकदम पोटात खड्डा पडला. मुली गावाला गेल्या होत्या!

आता मला बघायचं होतं, की ज्यांना लहानपणी हाच दुसरा शेवट दाखवला गेला, त्या मुलींनी पुढे काय केलं. त्याचं उत्तर फॅनफिक्शनमध्ये आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या चाहत्यांकडे मूळ मालिका पोचली ती व्हीएचएस कॅसेटींवरून. कुणीतरी हौसेनं भाषांतर करायचं, सबटायटल्स चढवायचं आणि टेपवरून टेप कॉपी होत हातोहात फिरायची. त्या धूसर चित्रात अनेकींनी पहिल्यांदा पाहिलं, की आपल्याला सांगितलं होतं तसं काही घडलंच नव्हतं. मांगाची भाषांतरंही फिरू लागली, आणि ती तर मालिकेहून कडक निघाली. मांगामध्ये पूर्वजन्मातली राजकन्या सेरेनिटी प्रियकराचा मृतदेह समोर असताना तलवारीनं स्वतःचा जीव घेते.

मग लिहिणं सुरू झालं. जिओसिटीजवरच्या चमचमत्या, चांदण्या लुकलुकणाऱ्या वैयक्तिक पानांवर. १९९८ साली फॅनफिक्शन डॉट नेट सुरू झाल्यावर तिथं. लिहिणाऱ्यांत शाळा-कॉलेजातल्या मुली फार. गोड प्रेमकथा होत्याच, ढिगानं होत्या. पण त्यांच्या शेजारी एक काळोखा कप्पाही होता, त्याला 'डार्कफिक' म्हणतात. या कथांमध्ये उसागीच्या मैत्रिणी मरतात आणि परत येत नाहीत. किंवा परत येतात, पण एकीला सगळं आठवत असतं. बर्फात आपण कशा मेलो ते आठवत असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला कशी बसेल? मूळ कथेत हा प्रश्न पुसून टाकला होता. या लेखिकांनी तो फळ्यावर परत लिहिला.

दुसरा लाडका विषय म्हणजे क्रिस्टल टोकियो. मालिकेनुसार तिसाव्या शतकात उसागी राणी होते आणि पृथ्वीवर सुखाचं राज्य येतं. ती लोकांच्या मनातला वाईटपणा धुऊन काढते. ज्यांना हे 'शुद्धीकरण' नको असतं त्यांना दूरच्या ग्रहावर हद्दपार केलं जातं आणि तेच पुढच्या पर्वातले खलनायक होतात. मालिका हे भरभर सांगून पुढे जाते. डार्कफिक लिहिणाऱ्या मात्र तिथं थांबल्या. मनं धुऊन काढणारी राणी चांगली कशी? नको म्हणणाऱ्याला देशाबाहेर काढणाऱ्या राज्याला आपण काय म्हणतो? अशा कथांमध्ये रे किंवा आमी आपल्याच मैत्रिणीच्या राज्यात पहारेकरी असतात आणि रात्री झोपू शकत नाहीत. यातलं काहीही लेखिकांनी बाहेरून आणलेलं नाही. मालिकेनं टाकलेलं एक वाक्य त्यांनी गांभीर्यानं घेतलं, एवढंच.

म्हणून 'निरागस कार्टूनची चाहत्यांनी वाट लावली' ही तक्रार मला कधी पटली नाही. काळोख तिथं आधीपासून होता. जपानमध्ये या कथाप्रकाराला माहो शोजो, म्हणजे जादूची मुलगी, म्हणतात. टीव्हीवर त्याची सुरुवात १९६६च्या 'सॅली'पासून झाली. जादूगारांच्या देशातली सॅली माणसांत राहायला येते आणि गमतीजमती करते. त्यानंतर हा प्रकार खेळण्यांच्या कंपन्यांच्या हातात हात घालून वाढला. मुलीच्या हातात आरसा किंवा छडी द्यायची आणि तोच आरसा, तीच छडी दुकानात विकायची.

आणि याच प्रकारात १९८३ साली 'मिंकी मोमो' मरते. मालिकेचा खेळणीवाला प्रायोजक हात काढून घेत होता. ४६व्या भागात, जादू गमावलेली मोमो एका मुलाला वाचवायला रस्त्यात धावते आणि ट्रकखाली येते. ट्रक कसला? खेळण्यांनी भरलेला! पुढे मालिका वाढवली गेली आणि ६३ भागांपर्यंत चालली. पण रंगीत फितीतल्या जादूच्या मुलीला साधा रस्त्यावरचा मृत्यू येऊ शकतो, हे तेव्हाच सांगून झालं होतं.

डार्कफिकमधलं सगळंच थोर आहे, असं मी म्हणणार नाही. मी शेकड्यांनी वाचलंय आणि त्यातलं बरंच वाईट आहे. काहींना रक्त सांडलं की कथा मोठ्यांची झाली असं वाटतं. काही कथांमध्ये तर उसागीच्या चांगुलपणाची शिक्षाच तिला दिली जाते, जणू दयाळू असणं म्हणजे मूर्ख असणं. त्या वाचून मला डीआयसीची कात्री बरी वाटली. चांगल्या डार्कफिकची माझी खूण साधी आहे : मेलेल्या मुलीची कुणाला तरी आठवण येते का? येत असेल तर ती कथा मृत्यूबद्दल आहे. येत नसेल तर ती फक्त रक्ताबद्दल आहे.

मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही, खरं तर. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७ साली आलं. आजीकडून ऐकलेलं महाभारत मनात धरून ते वाचायला घेतलं की दचकायला होतं. देवत्वाचा मुलामा काढून कर्व्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांना माणसं म्हणून समोर बसवलं आणि त्यांना काय सोसावं लागलं त्याचा हिशेब मांडला. त्यासाठी त्यांनी मूळ ग्रंथच जवळून वाचला. व्याप वेगळा, विद्वत्ता वेगळी, पण सांत्वन बाजूला सारून जुनी गोष्ट पुन्हा वाचायची ही वृत्ती मला ओळखीची वाटते.

मग २०११ आलं आणि हा काळोख हौशी कप्प्यातून थेट टीव्हीच्या पडद्यावर पोचला. (इथून पुढे 'मादोका माजिका'चे स्पॉयलर आहेत. बघायची असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.)

शाफ्ट स्टुडिओची ही बारा भागांची मालिका, दिग्दर्शक आकियुकी शिन्बो, लेखक गेन उरोबुची. चित्रं गोडगोजिरी. क्यूबे नावाचा पांढरा प्राणी मुलींना म्हणतो, माझ्याशी करार करा, तुमची एक इच्छा पूर्ण करतो. तिसऱ्या भागात मुलींना सांभाळून घेणारी मामी मरते. मग करारातली बारीक अक्षरं उलगडू लागतात : मुलींचा आत्मा काढून एका खड्यात ठेवलाय, आणि निराश झालेली प्रत्येक जादूची मुलगी शेवटी ती जिच्याशी लढते तीच चेटकीण होते. ११ मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीमुळे प्रक्षेपण थांबलं. शेवटचे दोन भाग एप्रिलमध्ये एकत्र दाखवले गेले.

यातली होमुरा मला सगळ्यांत जवळची वाटते. मैत्रीण मेली की ती काळ मागे फिरवते आणि तोच महिना पुन्हा जगते. नाही जमलं, की पुन्हा. तीच पात्रं, तीच शाळा, तेच पहिलं वाक्य, फक्त या वेळी शेवट वेगळा व्हावा म्हणून. दहावा भाग बघताना मला वाटलं, ही तर फॅनफिक्शन लिहिणारी मुलगी आहे.

'मादोका'नंतर काळोख हा धंदाच झाला. एकामागून एक मालिकांमध्ये जादूच्या मुली मरू लागल्या. आणि नेमकं तेव्हा चाहत्यांनी काय लिहिलं? उलटं. मामी जिवंत राहते. पाचही जणी मिळून केक खातात. सायाकाला वेळेवर कुणीतरी जवळ घेतं. अशा कथांना 'फिक्स-इट' म्हणतात, आणि 'कुणीच मरत नाही' असं लेबलच त्यांच्यावर असतं. मूळ गोष्ट उजेडाची होती तेव्हा या मुलींनी काळोख लिहिला, मूळ गोष्ट काळोखाची झाली तेव्हा उजेड लिहिला. म्हणजे ओढ काळोखाची नव्हतीच. गोष्टीतलं जे अर्धं सांगायचं राहिलंय ते लिहायची ती ओढ होती.

त्या लेबलांबद्दल मला शेवटचं काही सांगायचंय. २००९ साली चाहत्यांनी स्वतः चालवलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' खुलं झालं. (त्याच वर्षी जिओसिटीज बंद पडलं आणि कित्येक जुनी पानं त्याच्याबरोबर गेली.) या आर्काइव्हमध्ये कथा चढवताना लेखिकेला वाचकापुढे एक गोष्ट स्पष्ट करावी लागते : आत मुख्य पात्राचा मृत्यू आहे का, हिंसा आहे का, की हे आधी सांगायचं नाही. सांगायचं नसेल तर तेही लिहावं लागतं. मग आत जायचं की नाही ते वाचणारी ठरवते.

मला हे फार सभ्य वाटतं. टीव्हीवाल्यांनी मुलांना दुखू नये म्हणून मृत्यू कापला. माझ्या घरच्यांनीही मला दुखू नये म्हणूनच ताईला गावाला पाठवलं. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण दारावर पाटी लावता येते, हे दोघांनाही सुचलं नाही. मला कुणी मांडीवर घेऊन म्हणालं असतं, 'आता एक वाईट गोष्ट सांगणार आहे', तर मी रडले असते, पण दोन वर्षं खुंटीवरच्या दप्तराकडे बघत बसले नसते.

हॉस्टेल सोडायच्या आधी मी एक छोटी कथा लिहिली. इंग्रजीतच लिहिली, कारण वाचणाऱ्या तिथंच होत्या. कथेत काही घडत नाही. युद्ध संपलंय, सकाळ झालीय, उसागीला उशीर झालाय. फरक एवढाच, की तिला सगळं आठवतंय. शाळेच्या रस्त्यानं पळता पळता ती चार नावं म्हणते, ज्या क्रमानं त्या मेल्या त्या क्रमानं. मग वर्गात पोचते आणि आमीच्या शेजारी जाऊन बसते. आमी तिला ओळखत नाही.

कथा चढवताना मी 'मुख्य पात्राचा मृत्यू' या चौकटीवर खूण केली. तिच्याखाली एक कमेंट आली, 'पाटी लावल्याबद्दल आभार. मी तयारीनं आले होते.'

मावशीला ही कथा मी अजून वाचून दाखवलेली नाही. पण मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेले तेव्हा मी पहिल्यांदाच ताईचं नाव घेतलं, आणि विचारलं, की तिची सायकल कुणाला दिली. मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग उठून आत गेली आणि ते दप्तर घेऊन आली.