तीन भावांचा एक गड

इतिहासाच्या तासाला भाऊबंदकीचा विषय निघाला की बाई हमखास म्हणायच्या, "गड शत्रूपेक्षा घरच्यांनीच जास्त घालवले." गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाड्याची वाटणी झाली आणि अंगणात मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हा बाईंचं हे वाक्य आठवलं. सोबत आठवला जर्मनीतला एल्ट्झचा गड. ऑफिसच्या कामाने तिकडे गेले असताना मी तो पाहिला होता.

कोब्लेंझ आणि ट्रीअर या शहरांच्या दरम्यान, मोझेल नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याने तीन बाजूंनी वेढलेल्या कातळावर हा गड आहे. ११५७ सालच्या सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडॉल्फ फॉन एल्ट्झ यांचं नाव आहे. नाइट सरदारांचं हे घराणं आजही गडाचं मालक आहे.

१२६८ पूर्वी एलियास, विल्हेल्म आणि थिओडेरिक या तीन भावांच्या वाटण्या झाल्या. जमिनी वाटल्या, गड मात्र सामाईक राहिला. प्रत्येक शाखेने त्याच कातळावर आपापलं घर बांधलं. जागा अपुरी, म्हणून घरं मजल्यावर मजले चढत गेली. मधला चौक सगळ्यांचा. गडावर एकमेकांवर शस्त्र उगारायचं नाही, असा करार होता.

संकटं आलीच. १३३१ मध्ये ट्रीअरच्या आर्चबिशप बाल्डविनशी संघर्ष पेटला. त्याने समोरच्या उंचवट्यावर दुसरा किल्ला बांधून कोंडी केली. १३३६ मध्ये एल्ट्झ मंडळींना नमतं घ्यावं लागलं. १६८९ च्या सुमारास फ्रेंच सैन्य आसपासचे किल्ले पाडत सुटलं, तेव्हा त्याच सैन्यात अधिकारी असलेल्या घराण्यातल्या हान्स अँटोनने हा गड वाचवला. १८१५ मध्ये एका शाखेने उरलेला हिस्सा विकत घेतला. पुढे हा गड ५०० मार्कांच्या नोटेवरही झळकला.

माझ्या लक्षात राहिलं ते तिन्ही शाखांच्या बैठकीचं दालन. तिथे विदूषकांचे मुखवटे कोरलेले आहेत. अर्थ असा, की इथे मोकळेपणाने बोला. दारावर गुलाब आहे. म्हणजे इथलं बोलणं बाहेर नेऊ नका.

आमच्या वाड्यात अशी जागा कधी नव्हती. माजघरातलं बोलणं संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं. बाई, भिंत तर आता उभी राहिली आहे. पण दिवाळीत ओसरीवर सगळे एकदा बसू, असं मी चुलतभावांना कळवलं आहे.