शंकरपट : दिवसा शर्यत, रात्री नाटक

धानाची कापणी-मळणी आटोपली की भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत शंकरपट भरू लागतात. दिवसा प्रेक्षक सरळ धावपट्टीच्या दुतर्फा दाटी करून बैलजोड्यांची धाव पाहतात. रात्री तीच माणसे मंडपात पहाटेपर्यंत नाटक पाहतात. घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. पट म्हणजे केवळ शर्यत नव्हे, तो हाच.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. बैलांच्या हालांचा आक्षेप खोटा नव्हता. झाडीपट्टीचे नाटक दिवाळीनंतरच्या मंडईच्या आधाराने तगले. दिवसाचा खेळ मात्र थांबला. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. धुरकऱ्याच्या हाती आता चाबूक वा टोचणी चालत नाही.